सिग्नल आबांची वॉरंटी

आमच्या पवनानगरला गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे धरायची काठी असा एकच माणूस होता. सिग्नल आबा. उभ्या आयुष्यात त्यांनी मासा खाल्ला नाही. खाणं सोडाच, माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी मासळी तळायला पडली की आबा आपला चहा उचलून बाहेर जीपच्या सावलीला जाऊन बसत. तरी रोज सकाळी धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून ते मासे धरत. धरलेला मासा पाण्यातच ओल्या हातावर घ्यायचा, गळ सोडवायचा, "जा आता" म्हणायचं आणि सोडून द्यायचा. गळाच्या टोकाचा उलटा काटा त्यांनी पकडीनं दाबून सपाट केलेला असे, म्हणजे माशाला फार लागू नये.

गावाला हे पटणं शक्यच नव्हतं. "आबा, एक तर माळ काढा, न्हाय तर गळ काढा," असं एसटी थांब्याजवळच्या हॉटेलातून रोज कोणीतरी ओरडे. आबा चालता चालता उत्तर देत, "माळ खायासाठी घातली न्हाई, आन गळ बी खायासाठी टाकत न्हाई." मग पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग धरता कशाला?" त्याचंही उत्तर ठरलेलं: "भेटाया." एवढं बोलून आबा पुढे निघून जात. वाद घालण्यात त्यांना रस नव्हता आणि वाद हरण्यात तर अजिबातच नव्हता.

सिग्नल हे नाव त्यांना नोकरीमुळे पडलं. लोणावळा स्टेशनात ते पॉइंट्समन होते. कर्जतहून घाट चढवायला गाडीच्या मागे जी इंजिनं लावतात, ती लोणावळ्यात सोडवायची, बाजूच्या रुळावर घ्यायची, पुन्हा खाली पाठवायची, यात त्यांची उमर गेली. इंजिनाच्या ड्रायव्हरला पुढचं मागचं काही दिसत नाही, त्याला फक्त खाली उभ्या असलेल्या माणसाचा हात दिसतो, हे ते फार अभिमानानं सांगत. निवृत्तीनंतर गावी आले तरी तो हात काही निवृत्त झाला नाही. गोठ्यात म्हैस घ्यायची असो, गवताची ट्रॉली वळवायची असो की माझ्या फाटकातून पाहुण्यांची गाडी आत घ्यायची असो, आबा कुठूनतरी उगवत आणि हात हलवायला लागत. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास." त्यांच्या हाताखाली एकाही गाडीला ओरखडा आला नव्हता. मी धरणाकाठी तंबू लावून पाहुणे ठेवते. पार्किंगला जागा कमी, उतार जास्त आणि शहरातल्या लोकांना गाडी मागे घेता येत नाही. मी आबांना कामावर ठेवलं ते त्या हातासाठी. माशांचा भाग नंतर आला.

तो आणला एका डॉक्टरांनी. मुंबईचे म्हातारे गृहस्थ, दर थंडीत यायचे. त्यांच्याकडे परदेशातून आणलेली काठी होती. आपल्याकडच्या गळाच्या काठीसारखी ही नव्हे. चार तुकडे एकात एक बसवायचे, मग माणसाच्या दीडपट उंच, बोरूसारखी हलकी आणि टोकाला सुतळीपेक्षाही बारीक अशी काठी तयार होते. तिला आमिष म्हणून गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. गळावरच पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात आणि दोरी हवेत मागे-पुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद ठेवतात. मासा फसतो. डॉक्टरांनी आबांना एक मोठी गाडी आत घेताना पाहिलं आणि मला म्हणाले, "याचं मनगट बघा हो. हे मला तीस वर्षांत जमलं नाही." दुसऱ्या दिवशी आबांच्या हातात काठी होती. त्याच्या पुढच्या थंडीत आबा पाहुण्यांना शिकवत होते. आणखी काही वर्षांनी डॉक्टरांचे हात कापायला लागले, तेव्हा जाताना काठी आबांकडे देऊन गेले. "ठेवा. आता ही तुमची," एवढंच म्हणाले.

खोट्या माश्या आबा स्वतः बांधत. त्यासाठी शेजारच्या कोंबड्याच्या मागे मागे फिरून गळालेली पिसं गोळा करत. उपटलेलं पीस चालत नसे. पाहुण्यांना ते शिकवत ते असं: "सायेब, मागं गेलेल्या दोरीला पोचू द्या. गाडीचा शेवटचा डबा हालल्याशिवाय पुढं न्ह्यायचं न्हाई." मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब पाण्यात उभे राहून शेवटच्या डब्याची वाट बघत. कोणाला एखादी चिलापी लागली की आरडाओरडा व्हायचा. खडस, म्हणजे मोठ्या खवल्यांचा महसीर, लागला तर आबा टोपी काढून ठेवत. त्या माशाला ते पाहुणा म्हणत आणि अहो-जाहो करत.

आबांना एकच मुलगा, सुभाष. नवलाख उंबऱ्याला कारखान्यात सुपरवायझर, राहायला तळेगावात फ्लॅट. चांगला मुलगा. आई गेल्यापासून त्याचा धोशा होता की आबांनी तळेगावला यावं. आबांचे गुडघे गेलेले, घरात एकटे, त्यात रोज पाण्यात उभं राहायचं. शिवाय माळकरी बाप गळ घेऊन फिरतो याचं त्याला जरा ओशाळंही वाटे, पण ते तो बोलत नसे. एका पावसाळ्यात आबा शेवाळावरून घसरले. काही मोडलं नाही, पण सुभाष तावातावानं आला आणि माझ्याच स्वयंपाकघरात बापलेकांचं जुंपलं.

"आबा, तुम्ही पाण्यात पडून राहिलात तर मला कळणार कधी?"

"ताईंना कळंल की. त्यास्नी गाड्या लावाया मानूस लागतो."

"मस्करी नको. किती दिवस चालवणार हे?"

आबांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं. "ही काठी हाय तवर. काठी संपली की दुसऱ्या दिशी तुज्याकडं. ताई साक्षीला हायत."

सुभाषनं काठीकडे पाहिलं. टोकाशी जेमतेम उदबत्तीएवढी जाड. त्याला वाटलं, हा सौदा आपल्या फायद्याचा आहे. "ठरलं," म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, पण मी साक्षीदार झाले. आबांचा शब्द म्हणजे शब्द, हे तिघांनाही माहीत होतं.

काठी मोडली ती खंडेनवमीला, आणि मोडली ती पूजेत.

आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या अवजारांची पूजा होते. जीपच्या पुढ्यात पोतं अंथरून विळे, कोयते, पाने, हातोडी, होडीची वल्ही, गॅसची शेगडी असं सगळं मांडलं होतं. एरवी काठी सुटी करून नळीत ठेवलेली असे, त्या दिवशी आबांनी ती आणली चारही तुकडे जोडून. मी म्हटलं, "आबा, नळीतच राहू द्या. नळीला हळदकुंकू वाहू." आबा म्हणाले, "हत्यार मोडून कुनी पुजतं का ताई? आख्खं लागतं." काठीची मूठ पोत्यावर ठेवली. उरलेली काठी पोत्यावर मावण्यासारखी नव्हतीच. ती गवतातून लांब कुठंतरी गेली आणि वरून झेंडूच्या माळा पडल्या, पानं पडली, अक्षता पडल्या. नारळ फुटला, आरती झाली. मग जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवली.

जीप शब्बीरची. शब्बीर पवनानगर ते कामशेत सीट भरतो आणि माझ्या पाहुण्यांची ने-आण करतो. तो स्टिअरिंगवर बसला. चाक लिंबावरून गेलं की वर्षभर गाडीला काही होत नाही, असं आम्ही मानतो आणि शब्बीरही मानतो. विळे-कोयते बाजूला घेतले, पोतं ओढलं, आबा पुढे उभे राहिले आणि हात वर झाला. "येऊ दे, येऊ दे..." शब्बीरची नजर आबांच्या हातावर. आबांची नजर डाव्या लिंबावर. काठीची मूठ पोत्याबरोबर ओढली गेली होती, शेंडा उजव्या चाकापाशी झेंडूच्या ढिगात होता. कचकन आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिंबू जरा मोठ्यानं फुटलं, एवढंच आम्हाला वाटलं.

मग आबा वाकले आणि फुलं बाजूला करायला लागले.

शेंड्याचा तुकडा चपटा झाला होता, त्याच्या खालचा उभा चिरला होता. शब्बीर जीपमधून उतरून कपाळाला हात लावून उभा राहिला. "आबा, तुमीच हात केला. मी काय बगनार?"

"व्हय," आबा म्हणाले. "चाक तुजं, लिंबू ताईंचं, पन हात माजा." घाटातली एवढी इंजिनं हलवलेल्या माणसानं स्वतःच्या काठीवर स्वतः गाडी घातली होती. त्या दिवशी पार्किंगला हात करायला ते आले नाहीत आणि तीन पाहुण्यांनी गाड्या एकमेकांना घासल्या.

मला रडत बसायला वेळ नसतो. मी दुसऱ्या दिवशी आबांना आणि काठीला जीपमध्ये घालून लोणावळ्याला नेलं. बाजारातल्या छत्रीवाल्यानं काठी डोळ्यापाशी धरली, टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, याला छत्रीची काडी बसवून देतो, पण मग ही छत्रीसारखीच वाकेल." आबांनी काठी परत घेतली. मग मी मुंबईला डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऐकून आधी भरपूर हसले आणि मग म्हणाले, "अहो, त्या कंपनीची काठीवर आयुष्यभराची वॉरंटी आहे. कशीही मोडो. फक्त काठी पहिल्या मालकाची पाहिजे. माझंच नाव आहे त्यांच्याकडे. माझ्या नावानं पाठवा, मी सही करतो. आठ दिवसांत विषय संपेल."

मला बरं वाटलं. आबांना वाटलं नाही.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून कंपनीचा अर्ज भरायला घेतला. समोर आबा. पहिलाच प्रश्न होता, या काठीचे पहिले मालक तुम्हीच का? मी "होय" वर बोट नेलं.

"न्हाई म्हना," आबा म्हणाले.

"आबा, डॉक्टर सही करणार आहेत. नाव त्यांचं, सही त्यांची. कोणाचं काय जातं?"

"काठी कुनाची?"

"तुमची."

"मंग त्यांची सई कशी चालंल? दिली म्हंजी दिली. आता मोडल्यावर परत त्यांच्या गळ्यात?"

पुढचा प्रश्न, काठी कशी मोडली. मासा ओढताना, पाय पडून, गाडीच्या दारात सापडून, इतर. मी म्हटलं, दारात सापडून लिहू, गाडी तर होतीच. आबांनी नकाराची मान हलवली. "समदं लिवा. खंडेनवमी, लिंबू, माजा हात."

मी जरा चिडलेच. पाहुण्यांच्या दोन तुकड्या डिसेंबरसाठी केवळ आबांकडे शिकायला येणार होत्या आणि इथे साधा अर्ज पुढे सरकत नव्हता. तेव्हा आबांनी मला यार्डातली गोष्ट सांगितली. एकदा इंजिन डब्यांवर जरा जोरात आदळलं. चौकशी लागली, प्रत्येकाला जबाब लिहून द्यायचा होता. त्यांच्या जोडीदारानं लिहिलं की धुकं होतं. पहिल्या साहेबापुढे धुकं सांगितलं, दुसऱ्यापुढे धुकं सांगितलं, तिसऱ्यापुढे त्याच्या तोंडून गेलं की ऊन डोळ्यावर आलं होतं. "घरी बसला की वो साऽ म्हयने," आबा म्हणाले. "जबाब सरळ लिवावा ताई. मंग ध्यानात ठिवावा लागत न्हाई."

"आबा," मी म्हटलं, "नाही म्हणाले ना कंपनीवाले, तर तळेगाव आहे. आठवतंय ना?"

"मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "लिवा."

मग मी लिहिलं. इंग्रजीत खंडेनवमी लिहिणं सोपं नाही. लिंबू चाकाखाली मुद्दाम ठेवलं होतं आणि त्यावरून गाडी मुद्दाम नेली, हे वाक्य मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी ते जास्तच वेडगळ वाटलं. पहिले मालक नाही. चूक आमची. मोडलेल्या तुकड्यांचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

सुभाष त्याच आठवड्यात आला. त्यानं मोडकी काठी पाहिली आणि त्याला आनंद लपवता येईना, बिचारा प्रयत्न करत होता. "आबा, मग काय?"

"दिल्या शब्दाला मी हाय," आबा म्हणाले. "पन कंपनीचं उत्तर येऊ दे. त्ये न्हाई म्हनलं की काठी संपली."

"संक्रांतीपर्यंत थांबतो," सुभाष म्हणाला. तोही काही वाईट नव्हता.

उत्तर आलं. कुणा बाईंनी लिहिलं होतं. अत्यंत सभ्य भाषेत नाही म्हटलं होतं. वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला, आम्हाला खेद वाटतो. शेवटी एक ओळ होती: तुमची हरकत नसेल तर, ते लिंबू कशासाठी होतं हे कळेल का?

मी आबांना वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ठीक आहे. संपलं. मी दुसरी काठी बघते मुंबईत." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या काठीचा विषय सुभाषला दिलेल्या शब्दात बसत नव्हता. ही काठी म्हणजे ही काठी. मग म्हणाले, "ती बाई कायतरी इचारतीय न्हवं?"

"हो. लिंबाचं. उगाच आपलं कुतूहल."

"इचारलंय तर सांगाय पायजे. कामाचं न्हाई म्हनून सोडायचं का?"

आबांच्या समाधानासाठी मी पुन्हा लिहिलं. आमच्याकडे वर्षातून एकदा आम्ही ज्यांच्यावर पोट भरतो त्या वस्तूंना नमस्कार करतो, त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाही, लिंबू नजर लागू नये म्हणून असतं, आणि काठीला नजर नव्हे, जीप लागली. शब्बीरच्या मोबाइलमध्ये पूजेचा फोटो होता, तोही जोडला. पोत्यावर कोयता, पाना, शेगडी, त्यात कुंकू लावलेली काठीची मूठ आणि मागे हात जोडून उभे आबा.

नकार आबांनी सुभाषला कळवला; न्यायला येणं संक्रांतीचंच ठरलं. त्यानंतर कंपनीकडून काहीच आलं नाही. डिसेंबर गेला. आलेल्या पाहुण्यांना आबांनी नुसत्या वेताच्या छडीला दोरी बांधून हवेत हात कसा चालवायचा ते दाखवलं, पण पाण्यात ते उतरले नाहीत. साठवलेली पिसं शेजारच्या पोरांना देऊन टाकली. घरातली भांडी एका पोत्यात बांधली. शब्बीरनं सकाळी विचारलं, "आबा, यायचं का पान्याकडं, नुसतं बगाया?" तर म्हणाले, "रिकाम्या हातानं भेटाया जात्यात व्हय?" एवढं कडू बोलताना मी त्यांना एकदाच ऐकलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुभाष गाडी घेऊन आला. आबा एकीकडे पोतं उचलत होते आणि मी तिळगुळाचे डबे भरत होते. मोबाइल वाजला म्हणून सहज पाहिलं, तर कंपनीच्या त्या बाईंची मेल. बाईंनी लिहिलं होतं की त्या इतकी वर्षं या कामावर आहेत, आणि आजवर त्यांच्याकडे आलेली प्रत्येक काठी एका फार मोठ्या माशानं मोडलेली आहे. जगात एवढे मोठे मासे असतील यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. लिंबानं मोडलेली काठी ही पहिलीच. आबांचा फोटो त्यांनी दुरुस्तीखात्याच्या भिंतीवर लावला होता, आणि तिथल्या लोकांनी बसून असं ठरवलं होतं की जुना मालक सोडा, ही काठी आजपासून आबांच्या नावावर नोंदवू. पहिले मालक आबा. मोडके तुकडे पाठवून द्या.

मी ते मराठीत मोठ्यानं वाचलं. आबांनी पोतं खाली ठेवलं.

सुभाष भानावर आला. "थांबा. काठी आहे कुठं आता? मोडलेलीच आहे. ती जाणार परदेशात. म्हणजे नाहीच."

"हाय," आबा म्हणाले. "दुरुस्तीला चाललीय. इंजिन शेडात गेलं म्हंजी भंगारात गेलं का?"

सुभाषनं माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होते. "इंजिन शेडातच आहे," मी म्हटलं. तो कपाळाला हात लावून हसायला लागला आणि तिळगुळ घेऊन एकटाच तळेगावला परत गेला.

तुकडे नळाच्या प्लास्टिक पाइपात घालून, वरून मांजरपाट शिवून आम्ही लोणावळ्याच्या पोस्टात नेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आत काय?" "मोडकी काठी," आबांनी सांगितलं. "मोडकी कशाला पाठवता?" "नीट असती तर कशाला पाठवली असती?" आबा म्हणाले. बाईंना ते पटलं.

पार्सल परत यायला उन्हाळा लागला. नवे दोन तुकडे जुन्यापेक्षा जरा हिरवट होते. "कवळी बसवल्यागत दिसती," आबा म्हणाले, पण तो हिरवा भाग ते पुन्हा पुन्हा अंगठ्यानं चोळत होते. बरोबर एक जाड कागदाचं कार्ड होतं, त्यावर इंग्रजीत आबांचं पूर्ण नाव, पुढे मिस्टर. मी वाचून दाखवलं. "आयुष्यभराची वॉरंटी," मी म्हटलं.

"कुनाच्या आयुष्याची? काठीच्या का माज्या?"

"तुमच्या."

आबांनी जरा हिशेब केला. "मंग कंपनी फायद्यात हाय," म्हणाले.

त्या सकाळी ते पाण्यात उतरले तेव्हा एसटी थांब्यावरची निम्मी मंडळी काठावर आली होती. काहीही लागलं नाही. दोन तास दोरी पुढे-मागे जात राहिली, माशी पाण्यावर बसत राहिली आणि एकाही माशानं तोंड वर काढलं नाही. "आबा, नवी काठी वळकत न्हाईत वाटतं," कोणीतरी म्हणालं. आबा म्हणाले, "वळक व्हायाला टाइम लागतो," आणि पुन्हा हात मागे नेला.

त्यानंतर दोन थंड्या त्यांनी काढल्या. खंडेनवमीला काठी येई, पण माझ्या खोलीतल्या टेबलावर आणि जोडलेलीच. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक दिवस आबा सकाळी माझ्याकडे आले. काठी नळीत घातलेली, नळी काखेत. म्हणाले, "ताई, सुभाषला फोन लावा. म्हनावं गाडी घिऊन ये."

मी विचारलं, "काठीला काय झालं?"

"काय न्हाई. चांगली हाय. गुडगं पान्यात ठरत न्हाईत." जरा थांबून म्हणाले, "काठी मोडली म्हनून न्हाई चाललो. चाललो म्हनून चाललो. त्येला तसं सांगा."

मी तसं सांगितलं. निघताना मी व्यवहाराचं बोलले, ते माझ्या स्वभावातच आहे. "आबा, काठी ठेवून जा की इथं. तळेगावात कुठं पाणी? इथं पाहुणे विचारतात."

"ठिवली आसती," आबा म्हणाले. "पन दुसऱ्याला दिली की वारंटी जाती."

पुढच्या उन्हाळ्यात एकदा कामानं तळेगावला गेले होते तेव्हा सुभाषकडे डोकावले. आबा गच्चीवर होते. खुर्चीत बसून, गळ न लावता, नुसती दोरी झुलवत होते. पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं, अलीकडे वाळत घातलेले कपडे, आणि त्या दोहोंच्या मधल्या हवेत ती दोरी सावकाश उलगडून टाकीच्या सावलीत जाऊन पडत होती. सोसायटीतल्या दोन बायका लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवून बघत बसल्या होत्या. मी विचारलं, जमतंय का. आबा म्हणाले, "हितं वारं कमी. दोरी सरळ जाती." चहा झाला. मी खाली येऊन गाडीत बसले, त्यांनी गच्चीवरूनच मला हात केला आणि मी गाडी मागे घेतली.

त्या पावसाळ्यात आबा गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. दहाव्याला शब्बीर आणि मी गेलो. सगळं आटोपल्यावर सुभाषनं आतून नळी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "ताई, हिचं काय करू? तुम्ही घेऊन जाता का?"

मी म्हटलं, "तू ठेव. फक्त एक लक्षात घे, वॉरंटी आबांच्या आयुष्यापुरती होती. ती आता संपली. मोडली तर कंपनी काही करणार नाही."

सुभाषनं झाकण उघडून तुकडे बाहेर काढले. एकात एक बसवत शेंड्यापर्यंत गेला आणि तो हिरवट भाग उजेडात धरून बघत राहिला.

"काठी संपली की येतो म्हणाले होते," तो म्हणाला. "पण ताई, परत मोडली कुठं ती?"